विसरभोळ्या राजाची हजेरी

पडदा : रस्ता

बाळाचार्यांच्या दुकानात नाटकाचे पडदे भाड्याने मिळतात. रस्ता, दरबार, जंगल, तुरुंग, देऊळ. जत्रेत नाटक बसवणारी गावं हुबळीला येतात, लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात शिरतात आणि अख्खा दरबार गुंडाळून टेम्पोत घालून घेऊन जातात. ही गोष्टही त्याच पडद्यांवर लावली आहे. पडदा एक आणि जागा दुसरी, असं बऱ्याचदा होईल. गावच्या नाटकातही होतं, कुणी परत पाठवत नाही.

तर पडदा रस्त्याचा, आणि आपणही रस्त्यावरच आहोत. १९९८ चा जून. कोप्पीकर रोड.

मेधाटीचर धारवाडहून बसने हुबळीला यायच्या. वडील वकील, दोन्ही काका वकील, घरात बोलणारे पुष्कळ. ऐकणारं कुणीतरी हवं म्हणून मेधाटीचर मराठी शाळेत नववीला शिकवायला लागल्या, तर वर्गात बाक रिकामे. पटावर नावं होती, मुलं नव्हती. मुलं त्यांना येता-जाता भेटायची. एक चहाचे कप विसळताना, एक सायकलच्या दुकानात पंक्चरच्या पाण्यात हात घालून बसलेला. त्या दिवशी कोप्पीकर रोडवर एका पोराने त्यांना बघितलं आणि हातातला रुमाल तोंडासमोर धरला.

“सुरज!”

रुमालामागून आवाज आला, “सुरज नाही टीचर. तो शाळेला गेलाय.”

“मग तू कोण?”

“त्याचा भाऊ. रुमाल घेणार? दहाला तीन. तुम्हाला चार.”

“खोटं बोलायला कुणी शिकवलं तुला?”

“खोटं कुठलं, टीचर?” रुमाल खाली आला. सुरजला मनापासून वाईट वाटलं होतं. “पार्ट केला.”

टीचरनी चार रुमाल घेतले. परतीची बस उणकलच्या तळ्यापाशी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एक नाटक सुरू झालं होतं.


पडदा : दरबार
(प्रत्यक्षात : नववीचा वर्ग, छताला एकच पंखा, तोही बंद.)

नाटक असं. एक राजा आहे, विसरभोळा. रोज सकाळी उठला की आपला प्रधान कोण, सेनापती कोण, हे तो विसरलेला असतो. म्हणून तो दरबाराची हजेरी घेतो आणि समोर जो उभा असेल त्याला जी सुचेल ती पदवी देतो. कालचा सेनापती आज घोड्याला चारा घालतो. थोडक्यात, टीचरनी वर्गाच्या हजेरीलाच मुकुट घातला होता.

आणि नियम असा, की पार्ट कायमचा कुणालाच नाही. प्रार्थनेनंतरचा तास नाटकाचा. जो आधी येईल तो आधी पार्ट निवडणार. जो येणार नाही त्याला काहीच नाही.

पहिल्या आठवड्यात चार डोकी होती. ती चार डोकी बाहेर जाऊन बोलली. नंतरच्या एका सकाळची हजेरी :

टीचर : हेमावती?

हेमावती : हजर. सेनापती.

टीचर : भीमसेन?

भीमसेन : हजर. (चिडून) कालचा सेनापती. आज घोडा.

टीचर : मथुरा?

(कुणी नाही.)

सुरज : ती भाऊ सांभाळायलीय, टीचर. आज यायची नाही. तिचा कालचा राजा मी घेऊ?

दारातून आवाज : घेऊन तर बघ!

मथुरा दारात उभी होती, कडेवर भाऊ, पळत आल्यामुळे धापा टाकत. तिचे वडील परशुराम मार्केट यार्डात हमाल. आई संगीता केशवापुरात चार घरी धुणीभांडी करायची. मूळ गाव अळणावरकडचं. आई कामाला गेली की घर आणि भाऊ मथुरेकडे, त्यामुळे नववीचं पुस्तक तिला बाहेरून चांगलं माहीत होतं.

“ह्याला कशाला आणलंस?” टीचर म्हणाल्या.

“ह्याला घरी ठेवला तर मला येता येत नाही. हितं आणला तर येता येतं.”

“आणि हा करणार काय?”

मथुरेनं वर्गावर एक नजर टाकली. “युवराज.”

युवराजांनी पहिल्याच दिवशी सिंहासन ओलं केलं. हेडमास्तर विचारायला आले, ही शाळा आहे की नाटक कंपनी? मग त्यांनी दारातूनच बाक बघितले. एकाही बाकावर धूळ दिसत नव्हती. ते परत गेले आणि दुसऱ्या दिवशी पंखा दुरुस्त झाला.


पडदा : जंगल
(प्रत्यक्षात : बाळाचार्यांचं दुकान. दोन्ही सारखंच. आत शिरल्यावर वाट दिसायला वेळ लागतो.)

नाटकाला पडदा हवा होता. टीचर बाळाचार्यांकडे गेल्या आणि फुकट मागितला.

“धारवाडच्या वकिलांच्या घरात फुकट काय मिळतं, सांगा बघू मला,” आचार्य म्हणाले.

“सल्ला.”

“तो मी माझ्या घरातच रोज घेतो.”

शेवटी ठरलं ते असं. पडदा आचार्य देणार. दुपारी शाळा सुटल्यावर मुलं दुकानात येणार, हाताखाली काम करणार आणि करता करता शिकणार. सकाळी जो शाळेत नव्हता त्याला दुपारी ब्रश नाही. हे कसं कळणार, असं आचार्यांनी विचारलं. सुरज आहे, टीचर म्हणाल्या. ते पुरेसं होतं. “अज्जा, हा आज नव्हता,” असं दारातूनच आचार्यांना ओरडून सांगत सुरज दुकानात शिरायचा, आणि त्यामुळे स्वतः मात्र एकही दिवस चुकवू शकायचा नाही.

दुकानात सरस उकळत असायचा. त्याचा वास घरी जाईपर्यंत नाकात राहायचा. त्यात पांढरा, काव, नीळ, पिवडी घोटून रंग करायचे. भीमसेनला शिवणयंत्र आवडलं; फाटक्या जंगलाला ठिगळ लावण्यात तो इतका रमला, की घोड्याचं दुःख विसरला. हेमावती मुकुटांना मणी चिकटवायची. सुरज गिऱ्हाईकांशी बोलायचा. एका गावाला तुरुंगाचा पडदा नको होता, तरी तो घेऊन गेलं.

मथुरेनं पहिल्यांदा दरबाराचे खांब रंगवले तेव्हा ती पडद्याला नाक लावून बसली होती. आचार्यांनी तिला वेणी धरून मागं ओढलं.

“साकु, साकु! पुरे! इतक्या जवळून कोण बघणार आहे? शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला खांब दिसला पाहिजे.”

“म्हातारीला दिसत नसेल तर, अज्जा?”

“मग तिला वाटला पाहिजे.”

मथुरेनं एका कडेला गडद पट्टा ओढला, दुसरीकडे पांढरा, आणि बोळाच्या टोकाला जाऊन बघितलं. खांब गोल झाला होता. ती धावत परत आली आणि हात लावून बघितला. सपाटच होता. त्या दिवशी घरी जाताना तिला सगळ्याच गोष्टी लांबून बघाव्याशा वाटत होत्या.

मार्चमध्ये नववीची परीक्षा संपली आणि एका दुपारी परशुराम लेकीला न्यायला दुकानात आला. समोर दरबाराचा नवा पडदा वाळत होता. त्यानं खांबांकडे बोट दाखवलं.

“हे हिनं केलंय, आचार्य?”

“हिनंच. वीस वर्षांत असा हात माझ्याकडं आला नाही.”

परशुरामचं तोंड उजळलं आणि त्यातून सरळ पुढचं वाक्य आलं. “काम येतंय की हिला! मग शाळा कशाला? जूनपासून घ्या ठेवून. पक्की.”

आचार्यांना दिसत होतं की टीचर मागंच उभ्या आहेत. त्यांना हेही दिसत होतं की आपल्याला आता फारसं दिसत नाही, बारीक काम जमत नाही.

“नोडोण,” ते म्हणाले. बघू या.

परशुरामनं ते होकारात जमा केलं आणि घरी जाऊन संगीताला सांगितलं. संगीतानं चारी घरी सांगितलं.


पडदा : तुरुंग
(प्रत्यक्षात : तेच दुकान, दुसऱ्या दिवशी सकाळी.)

टीचर : आपलं ठरलं काय होतं?

आचार्य : काय ठरलं होतं? पोरं शाळेत बसावीत म्हणून माझं दुकान म्हणजे चॉकलेट. खाल्लं की कागद टाकून द्यायचा.

टीचर : तिची दहावी राहील.

आचार्य : माझे डोळे राहिले नाहीत. मला हात पाहिजेत, बाई. चांगला पगार देईन, कुणाच्या घरची भांडी घासायला नको. ह्यात वाईट काय ते वकिलाच्या लेकीनं सांगावं.

(वकिलाची लेक विषय बदलते.)

टीचर : तिला विचारलंत?

आचार्य : तुम्ही विचारलंत?

(दोघांनीही विचारलं नव्हतं. दोघं एकमेकांकडे, मग सरसाच्या डब्याकडे बघतात. सरस करपला आहे.)

मथुरा तेव्हा मागच्या खोलीत पडदा गुंडाळत होती आणि सगळं ऐकत होती. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. दोन मोठी माणसं आपल्यासाठी भांडतायत हे तिनं यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. पगार, स्वतःचा ब्रश, आईसमोर ताठ मानेनं जेवण. दिवसभर ती खूश होती. संध्याकाळी सुरजनं ते संपवलं.

“चांगलं झालं की,” पडद्याचं दुसरं टोक धरून तो म्हणाला. “आता तू जन्मभर दरबार रंगव. मी बसतो त्यात.”

“तोंड बघ तुझं. दाराला उभं करायच्या लायकीचं.”

“असू दे. पण शाळेत असणार ना मी. मला मिळणार पार्ट.”

मथुरेनं हातातलं टोक सोडून दिलं. अख्खा दरबार सुरजच्या पायावर पडला.


पडदा : देऊळ
(प्रत्यक्षात : देऊळच. अळणावरच्या अलीकडचं परशुरामचं गाव, एप्रिलची जत्रा.)

गावाचं मोठं नाटक रात्री होतं. त्याआधी ऊन उतरल्यावर पोरांचं नाटक होऊ द्या, अशी खटपट परशुरामनंच पंचांकडे केली होती. सकाळी लॅमिंग्टन रोडवर टेम्पोपाशी टीचरनी नियमाप्रमाणे हजेरी घेतली. मथुरा सगळ्यांच्या आधी येऊन टेम्पोच्या फळीवर बसली होती. तिनं राजा घेतला. सुरज शेवटी आला आणि पहारेकरी झाला.

ह्या भागातल्या नाटकाची एक रीत टीचरना माहीत नव्हती. बघणाऱ्याला एखादा पार्ट आवडला, किंवा पार्ट करणारा आपल्या घरचा असला, की तो नाटक चालू असताना सरळ स्टेजवर चढतो. नाटक थांबतं. माइकवाला नाव पुकारतो, आहेर होतो, आहेर करणारा चार शब्द बोलतो, टाळ्या पडतात, आणि मेलेला माणूस परत मरायला आडवा होतो. पुरुष पार्टाला शर्टपीस, बाई पार्टाला ब्लाउजपीस.

माइक राघवेंद्र टेलरकडे होता. माइक त्याच्याकडे असला की गाव त्याच्याकडे असायचं.

“हॅलो, हॅलो. देवळामागं म्हैस सुटलीय. ज्याची असेल त्यानं बांधून घ्यावी. म्हशीनं पण सहकार्य करावं. हुबळीच्या पोरांचा दरबार सुरू होतोय.”


पडदा : अर्धा दरबार, अर्धं जंगल
(दोर अडकला.)

डाव्या बाजूला मथुरेचे खांब, उजव्या बाजूला झाडं. आत आचार्य दोराला आणि दोर विकणाऱ्याला शिव्या देत होते. मधोमध सिंहासनावर मिशी चिकटवलेली मथुरा. पहिली हजेरी चांगली झाली. भीमसेन ह्या वेळी आपणहून घोडा झाला होता आणि त्याच्या खिंकाळण्याला शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात परशुराम पायऱ्या चढून वर आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पुडकं.

“थांबा, थांबा!” राघवेंद्र माइकवर. “आपल्या गावचे परशुराम, मुक्काम हुबळी, यांच्याकडून राजाच्या पार्टाला… (पुडकं उघडून) …ब्लाउजपीस!”

गाव हसून लोळलं. परशुरामला आपली चूक कळली, पण त्याला काही लाज वाटेना. कापडाच्या दुकानात गेल्यावर लेक डोळ्यासमोर आली होती, राजा नाही. त्यानं माइक हातात घेतला.

“माझी लेक हाय ही. हे खांब बघा, हिनं रंगवल्यात. जूनपासून आचार्यांच्या कंपनीत पक्की कामाला. शाळा बास. गावाचं नाव काढलं पोरीनं!”

टाळ्या. जोरदार, लांबलेल्या. ह्या गावात माइकवर बोललेलं म्हणजे पंचांपुढं बोललेलं. आत टीचरच्या हातातली संहिता खाली पडली. आचार्यांनी दोर सोडला. मथुरा बापाकडे बघत राहिली. तो आनंदानं फुलला होता, आणि त्याच्या हातात निळ्या रंगाचं ब्लाउजपीस होतं. पुढचं वाक्य राजाचं होतं. दुसरी हजेरी.

राजा : दरबारात नवीन माणूस दिसतोय. कोण हा?

परशुराम : (हळूच) अगो मी. अप्पा.

राजा : राजाला आज काही आठवत नाही. पहारेकरी! हा हजर आहे?

पहारेकरी सुरज : (घाबरून, मग सावरून) हजर आहे महाराज. न विचारता आलाय, पण हजर आहे.

राजा : मग आजचा प्रधान हाच.

परशुराम : (राघवेंद्रला) हे नाटकात हाय काय?

राघवेंद्र : (माइकवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं) बस की परश्या! राजा बोलवायलाय!

गाव ओरडायला लागलं. परशुरामनं ह्याच चौथऱ्यावर तरुणपणी दूताचा पार्ट केला होता. एक वाक्य होतं, तेही विसरला होता, पण वाकायचं कसं ते अजून आठवत होतं. त्यानं ब्लाउजपीस खांद्यावर टाकलं आणि तीनदा मुजरा केला. शिट्ट्या.

प्रधान : आज्ञा, महाराज.

राजा : आमच्या राज्यात एक पोरगी आहे. तिला काम येतं. तिनं शाळा सोडावी असं ठरलंय म्हणे. कुणी ठरवलं?

प्रधान : (घाम पुसून) मोठ्या माणसांनी.

राजा : तिला विचारलं?

प्रधान : न्हाई.

राजा : का?

प्रधान : पोरीला काय विचारायचं, महाराज?

राजा : बरं. मग राजाला विचारा.

आता कुणी हसत नव्हतं. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी ओरडली, “विचार की रे!”

प्रधान : महाराज, तुमचं म्हणणं काय?

राजा : तिनं दहावी करावी.

परशुरामनं एकदा खाली गावाकडे बघितलं. माइक अजून चालू होता.

प्रधान : आज्ञा.

“पडदा!” आचार्य आतून ओरडले. “टाका पडदा!” पडदा अर्ध्यावर आला आणि परत अडकला, त्यामुळे गावाला राजा आणि प्रधान कमरेखालीच दिसले. प्रधानाचे पाय पायऱ्या शोधत होते. राजाचे जागेवरच होते.


पडदा नाही.
(सगळे गुंडाळून टेम्पोत घातलेत. दुसऱ्या दिवशी सकाळ.)

टीचर आणि आचार्य ड्रायव्हरशेजारी. मागं मुलं एकमेकांवर पडून झोपलेली. परशुराम आणि मथुरा गुंडाळलेल्या जंगलावर बसले होते. धारवाड येऊन गेलं. नवलूरपाशी परशुराम बोलला.

“प्रधानानं कबूल केलंय. परशुरामानं न्हाई.”

मथुरेला हे माहीत होतं. मिशी काढल्यापासून तिला बोलता येत नव्हतं. ओठावर सरसाचा पट्टा राहिला होता, तो ती नखानं काढत होती.

“रागावलास, अप्पा?”

“रागावू नको तर काय करू? गावासमोर!”

“तू पण गावासमोरच बोललास की.”

त्यानं मान वळवली. टेम्पो खड्ड्यातून गेला, झोपेतला सुरज “दहाला तीन” म्हणाला.

“आचार्यांकडं काम वाईट हाय?” परशुरामनं विचारलं.

“वाईट नाही. मला आवडतं.”

“मग?”

तिनं शब्द शोधले. वहीत लिहिलेले नव्हते, टीचर आतून सांगणार नव्हत्या.

“धारवाडला चित्रं शिकवायची शाळा आहे, तिथं दहावी लागते. ते एक. आणि…” ती थांबली. “सकाळी शाळेला जाताना माहीत नसतं अप्पा, आज आपण कोण होणार ते. ते मला आवडतं. कामाला लागले की रोज मथुराच.”

परशुरामनं आपल्या हातांकडे बघितलं. तो तिच्याएवढा असताना यार्डात लागला होता आणि तेव्हापासून रोज परशुरामच होता. समोर केबिनच्या खिडकीतून आचार्यांचं डोकं मागं वळलं.

“परशुराम! शाळा सुटल्यावर पाठव तिला. सकाळी नको. सकाळी मी दुकान उघडतच नाही.”

“आठाला उघडता की, आचार्य. मी रोज बघतोय.”

“आता नाही उघडणार!” खिडकी बंद झाली. आतून टीचरचं हसणं ऐकू आलं.

रायापूर मागं पडलं. परशुरामनं खिशातून ब्लाउजपीस काढलं, घडी नीट केली आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं.

“दहावी. एक वर्ष. पुढचं पुढं.”

“हो.”

“पण आईला तू सांगायचं.”

आईचं तर चारी घरी सांगून झालं होतं. “तू सांग की अप्पा! माइकवर एवढं बोललास.”

“माइकसमोर संगीता नव्हती,” परशुराम म्हणाला आणि जंगलावर आडवा होऊन डोळे मिटून घेतले.

उणकलचं तळं आलं. मथुरा आईशी बोलायचं पहिलं वाक्य मनात जुळवत होती. तीन वाक्यं झाली, तिन्ही तिला पटली नाहीत.